काळं काय न्हाई, दाजी

दाजी, कॉम्प्युटरात तुमचं नाव टाकलं की अजून तुमचे सगळे रिपोर्ट एकाखाली एक येतात. काल दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं, तेव्हा परत उघडून बसले. दर तीन महिन्यांनी एक, असे बरेच आहेत. पहिला आणि मधला एक सोडला तर एकाही कागदावर काळं अक्षर नाही. आणि असा स्वच्छ रिपोर्टांचा माणूस सकाळी दहा वाजता दुकानाच्या पायरीवर बसतो, बायकोला म्हणतो, "गॅस झालाय गं, सोडा आण," आणि तासाभरात संपतो.

सव्वा महिना झाला त्याला. लोक अजून विचारतात, छातीत कळ आली होती का. नव्हती आली. शुगरवाल्यांना कधी कधी येत नाही, नसा बधिर झालेल्या असतात, हे मी पेशंटांना इतक्या वेळा सांगितलंय की तोंडपाठ आहे. जबडा दुखत होता म्हणे दोन दिवस आधीपासून, आणि तुम्ही दाढेत लवंग धरून हिंडत होता. मला एक फोन केला असता तर... जाऊ दे. हे 'तर' मी सव्वा महिना धुतेय आणि वाळत घालतेय. दमले आता. रडून नाही हो, रडायला उसंत कुठाय? सकाळी सातला रक्त द्यायला लोक दारात येतात. मी दमले ते तुमच्याशी मनातल्या मनात भांडून. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलात, आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतंय.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. विट्याचा जावई, गलाईवाला, कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान, म्हणून घरात केवढी मिजास होती! तुम्ही वर्षातून एकदा जत्रेला यायचा. केळ्याचे वेफर्स आणायचा आणि ओसरीवर बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक मला अजून आठवते. एक गिऱ्हाईक सोन्याची लगड घेऊन आलं, तुम्ही तिचा टंच काढला, म्हणजे सोनं किती शुद्ध ते तपासलं, तर ब्याण्णव निघाला. तुम्ही म्हणालात, नापास. तो भडकला. म्हणाला, माझ्या बायकोच्या पाटल्या ब्याण्णवच्याच आहेत, त्या पास कशा मग? तेव्हा तुम्ही त्याला म्हणे बाकड्यावर बसवलंत, चहा पाजलात आणि म्हणालात, "पाटलीला ब्याण्णव म्हंजे पैला नंबर. पण गाळल्याली लगड म्हणून आणलीस तर नव्व्याण्णवच्या वर पायजे. सोनं तेच रं गड्या, पण तू कशासाठी आणलंयस त्याच्यावर पास-नापास." मी वेफर्स खात ऐकत होते. तुमच्या आवाजात त्या माणसाचा राग आणि तुमचा शांतपणा दोन्ही असायचं. तुम्ही नकला छान करायचा.

पुढं मी लॅबचा कोर्स केला आणि वडूजला घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. तुम्ही विट्यात सांगत सुटलात, मेव्हणीनं दवाखाना घातलाय. दवाखाना नाही हो, लॅब. पहिले चार दिवस एक माणूस आत आला नाही. बाईच्या हातनं सुई टोचून घ्यायची म्हणजे काय, नेमकी शीर सापडंल का न्हाई, असली कुजबुज. तुम्ही तेव्हा जत्रेला आला होता. पाचव्या दिवशी पहिल्या एसटीनं आलात, दार उघडं टाकून स्टुलावर बसलात, रस्त्यावरनं दिसावं असे, आणि बाही वर केलीत. चार वेळा टोचलं, तेव्हा कुठं शीर लागली. तुम्ही हूं की चूं केलं नाही. वर मोठ्यानं म्हणालात, "वा! कळलंबी न्हाई की!" रस्त्यावरच्या दोघांनी थांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक आला. त्या चार भोकांचं ऋण आहे तुमचं माझ्यावर, ते कधी बोलले नाही. तेव्हापासून तुम्ही मला डासीण म्हणायला लागलात, आणि आक्काची पोरं पण मावशी सोडून डासीणमावशी म्हणायला लागली.

आणि त्याच रक्तात तुमची शुगर निघाली. माझा पहिला पेशंट तुम्ही आणि पहिला वाईट आकडाही तुमचाच. मी तो कागद हातात धरून तासभर बसले होते, तुम्हाला कसं सांगू म्हणून. तुम्ही हसलात. म्हणालात, "डासणे, पैल्याच चाव्यात आजार शोधलास की!"

पोरानं कोईमतूरचं दुकान हातात घेतलं आणि तुम्ही विट्याला परत येऊन घरापुढं लहानसं दुकान मांडलंत, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तुमची फेरी ठरलेली. विट्यात काय लॅब नाहीत? ढिगानं आहेत. पण नाही, रक्त काढायचं तर मेव्हणीकडंच. उपाशीपोटी पहिली एसटी धरायची, मायणीच्या तळ्यावर पक्षी आलेत का ते खिडकीतनं बघायचं, आणि दारात पाऊल टाकता टाकता त्याची खबर द्यायची. रक्त दिलं की आत स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे. पोह्यात मीठ कमी असतं ही तक्रार दर खेपेला. प्रेशर आहे तुम्हाला, म्हणून मुद्दाम कमी घालत होते, हे तुम्हाला माहीत होतं. तरी म्हणायचाच.

तुमची ती तयारी आठवली की अजून हसू येतं. रक्त द्यायच्या आधी चार दिवस तुम्ही साधू व्हायचा. भात बंद, मटण बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी शेताकडं फेरफटका. पाव्हणे यायच्या आधी घर झाडून घ्यावं तसं रक्त झाडून घ्यायचा. आणि पोहे खाऊन उठलात की वडूजच्या स्टँडवर भजी. मला काय कळत नव्हतं? म्हणाले होते एकदा, "दाजी, रक्ताला फसवताय तुम्ही." तर म्हणालात, "रक्ताला न्हाई गं, तुझ्या आक्काला." ती तीन महिन्यांची सरासरी शुगर असते ना, ती मात्र चार दिवसांच्या सोंगाला भुलत नाही. तिला तुम्ही चुगलखोर म्हणायचा. पण खरं सांगायचं तर तिथंही तुम्ही पास व्हायचा. साखर सोडलीत ती सोडलीत. बिनसाखरेच्या चहाला तोंड वेंगाडायचा, पण प्यायचा. साखर ताब्यात ठेवली याचा तुम्हाला अभिमान होता, आणि मलाही होता तुमचा.

आता काळ्या अक्षरांचं. माझं मशीन आकडा काढतं, शेजारी मर्यादा छापतं, आणि आकडा मर्यादेच्या बाहेर गेला की तेवढाच ठळक काळा करतं. मशिनीची रीत आहे ती. पण आपल्याकडच्या लोकांनी त्यातनं आपली वेगळीच वाचायची पद्धत काढली. आकडे कुणी बघत नाही. कागद हातात घेतला की एकच सवाल, "काळं काय आलंय का?" एक काळं आलं की चेहरा पडतो, दोन आली की बायकोला आत बोलावतात. एका म्हाताऱ्यानं तर मला विचारलं होतं, "बाय, ह्ये एवढं एक काळं खोडता येतंय का बघ की." आणि काळं नसलं की झालं. कागदाची घडी खिशात, डॉक्टरला दाखवायची गरज नाही. तुम्ही दाजी, सोन्यातली पॉइंटाची चूक पकडणारे, तुम्हीसुद्धा तेच करायचा. पाटावरनंच ओरडायचा, "डासणे, काळं काय हाय का?" आणि मी इकडनं, "काळं काय न्हाई, दाजी."

त्या पहिल्या शुगरनंतर एकदाच आलं होतं. ट्रायग्लिसराइड, रक्तातली एक चरबी. त्या खेपेला भाचीचं लग्न झालं होतं आणि साधू व्हायला तुम्हाला सवड मिळाली नव्हती. केवढे घाबरलात! तेव्हा मीच तुम्हाला ओढून साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आठवतंय ना? त्यांनी तो काळा आकडा बघितला, मान हलवली, आणि मग पेनानं दुसऱ्याच आकड्याभोवती गोल केला. वाईट कोलेस्टेरॉल, एकशे अठरा. काळा नव्हता तो. शेजारी छापलं होतं, एकशे तीसच्या आत.

तुम्ही लगेच म्हणालात, "ह्ये बरोबर हाय की मॅडम. काळं न्हाई."

त्या म्हणाल्या, "काका, ही मर्यादा शुगर नसलेल्यांची आहे. तुमच्या रक्तवाहिन्या शुगरनं आधीच नाजूक झाल्यात. त्यात एवढी चरबीसुद्धा आतून थर धरते. मला ही सत्तरच्या खाली पाहिजे. साखर कितीही छान असू द्या, हृदयाचा धोका वेगळा मोजायचा. ही एक गोळी रात्री, कायमची, आणि मला न विचारता सोडायची नाही."

"चरबी?" तुम्ही सदरा पोटाशी धरून दाखवलात. "कुठं हाय मॅडम चरबी? निस्तं हाडं हायत."

त्या हसल्या. चरबी रक्तातली, पोटावरची नव्हे, म्हणाल्या. तुम्हीही हसलात. पण एसटीत बसल्यावर कोरेगाव येईपर्यंत बोलला नाही, आणि मग बोललात ते माझ्यावरच. "तुझ्या कागदावर एकशेतीस छापलंय. डॉक्टर म्हणतीय सत्तर. दोन्हीतलं खोटं कुठलं?" मी म्हटलं, खोटं कुठलंच नाही. "मंग तू इतकी वर्सं काळं न्हाई, काळं न्हाई करून मला पोहे कशापायी चारत हुतीस?" मी म्हटलं, दाजी, ते मशिनीचं छापील असतं, सगळ्यांना एकच. "मंग मशीन बदल," म्हणालात आणि खिडकीकडं तोंड केलंत. मलाही राग आला. डॉक्टर नाही मी, सल्ला देणं माझं काम नाही, असं काहीतरी बोलले. ते भांडण तिथंच राहिलं. पुसेगावला तुम्ही उतरून मला चहा आणून दिलात, बिनसाखरेचा, माझ्यासाठीही. तो चहा म्हणजे तुमची माफी होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

गोळी तुम्ही घेतलीत. चार-पाच महिने घेतलीत. मग एका खेपेला पाटावर बसल्या बसल्या आवाज बारीक करून म्हणालात, "डासणे, ती चरबीची गोळी सोडली मी." मी पोह्यांचा झारा तसाच धरून उभी. का म्हणून विचारलं तर म्हणालात, पिंढऱ्या दुखतात, आणि मुख्य म्हणजे साखर वाढली. "मोबाइलवर आलंय. चरबीच्या गोळीनं साखर वाढती." आणि दाजी, हे अगदीच खोटं नव्हतं. थोडी वाढते कधी कधी. तुमचीही दोन-चारच पॉइंट वाढली होती, मर्यादेच्या आतच होती. पण तुमच्या त्या स्वच्छ साखरेला डाग लागला ना! साखर सुंदर दिसावी म्हणून तुम्ही हृदयाची गोळी टाकून दिलीत. एवढा शहाणा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट उलटी धरून बसलात. अरे देवा!

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारा, त्या गोळी बदलून देतील, कमी करतील. "व्हय व्हय, इचारतो." आक्काला माहीत आहे का? "खुळी का काय तू? तिला कळलं तर ती मला जेवू देईल का? ती दर महिन्याला मेडिकलातनं सगळ्या गोळ्या आणती, मी ह्या तेवढ्या दुकानातल्या वजनाच्या डब्यात टाकतो. कुणाला घावत न्हाईत. तू सांगू नगंस, माझी शपथ हाय."

दाजी, मी नाही सांगितलं. शपथेला घाबरून नाही. मला कंटाळा आला होता. रोज चाळीस माणसांना तेच तेच सांगायचं, आत येऊन तुम्हालाही तेच सांगायचं, तुम्ही मोबाइलवरचं तोंडावर फेकायचं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. आणि त्यानंतर तीन वेळा तुम्ही आलात. तीन वेळा पाटावरनं विचारलंत, काळं काय हाय का? तीन वेळा मी तो एकशेवीसच्या आसपासचा आकडा बघितला, गोळी बंद आहे हे मला माहीत होतं, सत्तर पाहिजे हेही माहीत होतं, आणि मी म्हटलं, "काळं काय न्हाई, दाजी." खोटं नव्हतं ना ते. कागदावर खरंच नव्हतं.

दिवस घातले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे पाव्हणे गेले. पोरगं कोईमतूरला परत गेलं. मी आक्काजवळ राहिले. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "नंदे, रिपोर्ट तर तूच बघत हुतीस. सगळं बरं हाय म्हणायचीस. मंग ह्यांचं असं कसं झालं?" विचारताना राग नव्हता तिच्या आवाजात, तेच वाईट. मी नळ मोठा सोडला आणि ऐकू आलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी वडूजला निघून आले. पेशंट खोळंबलेत म्हणाले.

आठवड्यानं परत गेले तर आक्काच्या गोळ्या कपाटात तशाच. तुम्हाला माहीतच आहे, तिला पण चार वर्षांपासून शुगर आहे आणि ती चरबीची गोळी तिलाही आहे. तुमच्या नंतर तिनं एकही गोळी खाल्ली नव्हती. शुगरची पण नाही. मी ओरडले. तर ती शांतपणे म्हणाली, "कशाला खायची? ह्यांनी सगळ्या खाल्ल्या. एक दिस चुकवली न्हाई. कागदावर एक काळं न्हाई. तरी गेले. मंग त्या गोळ्या काय कामाच्या? जायचं तवा मी बी जाईन."

मनात म्हटलं, आता गप्प बसलीस तर हिलाही घालवशील. आणि बोलले तर ही माझं तोंड बघणार नाही. आई गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोण आहे, दाजी? तुम्हीच सांगा. तुमच्यापाशी ते गुपित ठेवलं तेव्हा त्याची किंमत मला कळली नव्हती.

मी उठले. तुमच्या दुकानच्या फळीवरनं तो वजनाचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या पुढ्यात उपडा केला. बारीक बारीक पितळी वजनं घरंगळली, आणि त्यांच्यामागनं गोळ्यांची पाकिटं. न फोडलेली. तुम्ही रबर लावून नीट ठेवली होती, महिन्याची महिन्याला.

आक्कानं एक पाकीट उचललं. उलटसुलट केलं. तिला वाचायची गरज नव्हती, तीच आणायची ती.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. आन् आक्का, तो कागदावरचा आकडा काळा नव्हता, पण त्यांच्यासाठी चांगला पण नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं हुतं. मी परत परत बोलले न्हाई. मी काळं न्हाई म्हणाले आन् गप बसले."

ती बराच वेळ वजनं गोळा करत राहिली. एक कपाटाखाली गेलं होतं, तेही हात घालून काढलं. डबा बंद केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऊठ. एसटी चुकंल तुझी."

मी स्टँडवर येऊन बसले. एसटीला अजून पाऊण तास होता.

बारा दिवस फोन नाही. मी केला तर उचलायची नाही. शेजारणीकडनं कळायचं, आहे, जेवते, देवळात जाऊन येते. गोळ्या घेते का, ते कोण सांगणार? त्या बारा दिवसांत मी तुमच्यावर इतकी चिडले दाजी, की तुमचा फोटो पेपरात आला होता तो कापून ठेवला होता, तो ड्रॉवरमध्ये पालथा घातला. शपथ घालून मोकळे झालात. मी बसलेय निस्तरत. आणि तेवढ्यातच कुणीतरी रक्त द्यायला यायचं, स्टुलावर बसून बाही वर करायचं, आणि मला ती चार भोकं आठवायची. मग परत ड्रॉवर उघडून फोटो सुलटा करायची.

परवा सकाळी शटर वर केलं तर पायरीवर आक्का. पहिल्या एसटीनं आली होती, तुमच्याच. उपाशीपोटी. पदर डोक्यावर, पायात तुमच्या त्या जुन्या चपला. आत आली, स्टुलावर बसली, हात पुढं केला. तोंड भिंतीकडं.

मी पट्टा बांधला. पोहे केलेत म्हणाले. मी सुई लावणार तोच ती म्हणाली, "थांब. ह्या येळंला काळं न्हाई, काळं हाय, असलं मला काय सांगू नगंस. मला किती पायजे ते सांग. माझ्या मापानं."

मी म्हटलं, वाईट कोलेस्टेरॉल सत्तरच्या आत. तिनं विचारलं, मग तो कागद एकशेतीस का म्हणतो? आणि मी नेहमीचं सुरू केलं, शुगर, रक्तवाहिन्या, धोका वेगळा मोजायचा, तेच ते. तिच्या कपाळावर आठी. कळत नव्हतं तिला, आणि खोटं खोटं मान हलवणारी बाई नाही ती, तुम्हाला माहीत आहे. पट्टा हाताला बांधलेला, शीर वर आलेली. आणि एकदम कुठनं कोण जाणे, तोंडातनं आलं:

"आक्का, ब्याण्णवचा टंच. पाटलीला पास. पण गाळलेल्या लगडीला?"

"नापास," ती लगेच म्हणाली. चाळीस वर्षं गलाईवाल्याची बायको. "नव्व्याण्णवच्या वर पायजे."

"तसंच. शुगर नसलेल्याला एकशेअठरा चालतं. तू शुगरवाली, तुझं माप लगडीचं. आकडा तोच, तुला नापास."

तिची आठी गेली. ती भिंतीकडनं माझ्याकडं वळली. बारा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं तिनं, आणि डोळे भरून आले तिचे.

"ह्ये असं त्यांना सांगायचं हुतंस की गं, नंदे," ती म्हणाली. "त्यांना कळलं असतं."

व्हय दाजी. कळलं असतं. एका वाक्यात कळलं असतं तुम्हाला. तुमचंच वाक्य होतं ते, सातवीत असताना ओसरीवर वेफर्स खात ऐकलेलं. आणि मी तुम्हाला वर्षानुवर्षं मशिनीची भाषा ऐकवत राहिले.

शीर पहिल्याच टोचण्यात लागली. मग आम्ही आत गेलो. पोहे गार झाले होते, तसेच खाल्ले. मीठ कमी होतं.